कुठे मिळालं?

आमच्या ऑकलंडच्या ऑफिसात जेवायच्या टेबलावर डबे कमी आणि किस्से जास्त उघडतात. देशाच्या विमान कंपनीत नोकरी म्हटल्यावर ते साचणारच! त्यातले निम्मे सुहासचे. सुहास पुण्याचा, माझ्याच आयटी टीममधला, आणि एकदा काही डोक्यात घेतलं की त्याला आवरणं कठीण.

आधी एक सांगते. आम्हा स्टाफला तिकीट मिळतं ते स्टँडबाय. म्हणजे सगळे प्रवासी बसले आणि सीट उरली, तर आपण! त्यामुळे आमच्या घरांत "कुठे चाललात?" असं कुणी विचारत नाही. "कुठे मिळालं?" असं विचारतात.

*

एका जुलैत, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, सुहास बायको मधुरा आणि मुलगा ईशानला घेऊन रारोटोंगाच्या उबदार बेटावर निघाला. बॅगेत पोहायचे टॉग्ज, जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, सनस्क्रीन. विमान फुल! दुसऱ्या दिवशीचंही फुल. पण हा गडी घरी परतेल तर ना! क्वीन्सटाउनच्या विमानात तीन सीट दिसल्या, घेतल्या.

संध्याकाळी फोटो आला. घोटाभर बर्फ, अंगात फुलाफुलांचा शर्ट, पायात मोज्यांवर जँडल्स. खाली मधुराचा मेसेज होता, "समुद्र सापडला की कळवते."

*

आमच्या गणपतीत कुलकर्णी काका असतात, रिटायर्ड फार्मासिस्ट. आरती संपली की प्रसाद हातात पडायच्या आधी सुहासला गाठतात. "मुंबई डायरेक्ट कधी सुरू करतोयस?"

सुहास विमानातल्या जेवणाच्या मेनूचं सॉफ्टवेअर सांभाळतो. पण सगळे रूट त्याच्याच टेबलावर ठरतात, अशी काकांची ठाम समजूत!

कंपनीने ब्युनोस आयर्स सुरू केलं, तेव्हा काका भडकले. "अरे, तिथे आपलं आहे कोण? जाणार कोण?"

पुढच्या गणपतीला काका दिसेनात. चौकशी केली तर ब्युनोस आयर्सला गेलेले! परत आल्यावर पडेल आवाजात म्हणाले, "रिकामं जातंय का बघायला गेलो होतो. भरलेलं होतं गं!"

*

मग मधुराला मुलगी झाली. बारसं रविवारी दुपारी ठरलं. सुहासची आई पुण्याहून पहिल्यांदाच परदेशी येणार, तीही एकटी. सिंगापूरपर्यंत पक्कं तिकीट, पुढे आमचं स्टँडबाय. विमान कंपनीत इतकी वर्षं काढलेला हा माणूस शाळांच्या सुट्ट्या लागल्यात हेच विसरला!

गुरुवारी सीट नाही. शुक्रवारी नाही. "आजी नसेल तर बारसंच नको," एवढं म्हणून मधुराने त्याच्याशी बोलणं सोडलं. सुहासचा चेहरा बघवत नव्हता.

आई मात्र फोनवर मजेत. "अरे, इथे एअरपोर्टवर फुलपाखरांची बाग आहे! मी लाडवांचा डबा उघडून बसलेय. काउंटरवरच्या मुली फार गोड आहेत."

"तू तिथून हलू नकोस. मीच येतो न्यायला!"

सुहास शुक्रवारीच निघाला. जाणारं विमान अर्धं रिकामं होतं, लगेच सीट मिळाली.

रविवारी सकाळी मधुरा, तान्ही, ईशान आणि मी एअरपोर्टवर उभे. दार उघडलं आणि ट्रॉली ढकलत आई बाहेर आल्या. एकट्याच! मधुराने आधी त्यांना मिठी मारली, पोटभर रडली आणि मग भानावर आली. "आई, सुहास?"

"गेटवर म्हणाले, एकच सीट आहे. मी म्हटलं, मग मी जाते. बारशाला आजी लागते. बापाचं काय काम?"

दुपारी पाळणा हलला. पाळण्याच्या दांडीला फोन बांधला होता, त्यातून सुहास सिंगापूरहून बघत होता. मानलेली आत्या म्हणून नाव ठेवायचा मान मलाच मिळाला. मी वाकून कानात "मीरा" म्हटलं, तोच फोनमधून आरोळी आली, "मिळाली! सीट मिळाली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एरवी सगळी उत्तरं इंग्रजीत देणारा ईशान फोनजवळ गेला. "डॅड, कुठे मिळालं?"

"पर्थ."

आणि कोपऱ्यातून कुलकर्णी काका ओरडले, "अरे, तिथून मुंबई डायरेक्ट आहे का, तेवढं बघून ये!"