होईलमामाचा नकार

गिलाव्याच्या मुकादमाला साइटवर सगळे होईलमामा म्हणत. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "होईल." वाळू आलेली नसली तरी होईल, भिंत उभी नसली तरी होईल. झालं नाही की डोकं खाजवत हसायचं, चार शिव्या खायच्या आणि पुन्हा होईल म्हणायला मोकळं. एवढ्या भांडवलावर त्याने जन्म काढला, बायकोच्या भावालाही थापी धरायला शिकवून पोटाला लावलं.

मग नवे मॅनेजरसाहेब आले. कामातली नासाडी काढायची, हा त्यांचा ध्यास. दर सोमवारी सगळ्या मुकादमांना ऑफिसातल्या भिंतीपुढे उभं करून आठवड्याचं काम रंगीत चिठ्ठ्यांवर चिकटवायला लावायचे. "खोटा होकार हीच सगळ्यात मोठी नासाडी," ते म्हणाले. "एकाच्या थापेवर मागचे सगळे अडकतात. जमणार नसेल तर सरळ नाही म्हणा. इथे त्याचा मान राहील."

मामा पाघळला. नाही म्हणायची मुभा त्याला आजवर कोणी दिलीच नव्हती.

पुढच्या सोमवारी साहेबांनी विचारलं, "जिन्याचा गिलावा शनिवारपर्यंत?"

मामाच्या ओठांवर आलेलं होईल त्याने गिळलं. "नाही साहेब. भिंतीतले पाइप अजून बसायचेत. आता केला तर फोडावा लागेल."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांना वाजवायला लावल्या. मामाचा ऊर भरून आला. टाळ्या थांबायच्या आत साहेबांनी मागे पाहिलं. "दुसऱ्या कोणाला जमेल?"

"होईल," मामाच्या मागे उभा असलेला मेहुणा म्हणाला.

गुरूची विद्या गुरूला. जिना मेहुण्याला मिळाला, पाठोपाठ मजलेही. शनिवारी गिलावा झाला, नंतर प्लंबरने तो फोडला. मेहुण्याने डोकं खाजवलं, हसला, शिव्या खाल्ल्या.

मामा साहेबांकडे गेला. "मी खरं बोललो होतो, साहेब."

"म्हणून तर तुमच्या नकाराची चिठ्ठी भिंतीवरून काढली नाही मी," साहेब प्रेमाने म्हणाले. "पाहुण्यांना दाखवतो."

घरी बायको म्हणाली, "एवढं खरं बोलायची हौस होती, तर आता माझ्या भावाकडे कामाला जा."

तो गेला. फोडलेला जिना पुन्हा करायला मेहुण्याला माणूस हवाच होता.

"दाजी, वाईट वाटून घेऊ नका," मेहुण्याने त्याच्या हातात थापी दिली. "आजच्या आज होईल ना एवढं?"

प्लंबरने बसवलेला पाइप गळत होता. मामाने ओल्या भिंतीकडे पाहिलं.

"होईल," तो म्हणाला.