वसंताच्या बागेतले दिवे

सकाळी सुधावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले हो... झोपेतच." खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा हायसं वाटलं. वर्षभर एकेका श्वासासाठी झगडणारा वसंता, माझा शाळेपासूनचा मित्र, एकदाचा सुटला होता. मग मात्र आठवलं, एका गोष्टीची माफी मी त्याच्याकडे कधी मागितलीच नव्हती...

वसंता चित्रकलेचा मास्तर. निवृत्त झाल्यावर भाटे गावातल्या घरामागच्या कातळावर त्याने जपानी पद्धतीची बाग केली. पाइनच्या जागी वाकवून वाढवलेली करवंदी, दगडी कंदील आपल्या जांभ्याचा. मी वायरमन, म्हणून दिव्यांची जोडणी माझ्याकडे. पण कुठला दिवा कधी लावायचा ते तोच ठरवी. "दिवा दिसता नये, उजेड दिसला पाहिजे," हा त्याचा हेका. थंडीत कंदिलातला मंद दिवा, पांढऱ्या खडीवर करवंदीची सावली पडेल असा. पावसाळ्यात बाकीच्यांवर नारळाची झापं बांधून तळ्याकाठचा एकच, थेंब पडताना दिसावेत म्हणून. आणि मे सरताना सगळे बंद, कारण तेव्हा काजवे येत आणि त्यांना अंधार लागतो.

एका मे महिन्यात तो लेकीकडे कोल्हापूरला गेला आणि मी नको ते शहाणपण केलं. त्याला चकित करायला चार पांढरेफेक फ्लडलाइट बसवले आणि तो येईपर्यंत रोज लावले. आल्याआल्या म्हणाला, "मेल्या, बाग आहे ही, की एस्टी स्टँड?" दोघेही हसलो, मी ते उतरवले. पण त्या वर्षी काजवे आले नाहीत. तो रोज तिन्हीसांजेला पडवीत बसून वाट बघायचा. मला एका शब्दाने बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी काजवे परतले, पण तो विषय आमच्यात कधी निघालाच नाही.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींकडे गेलो. मे संपत आला होता. म्हटलं, "वहिनी, दिवे कधी बंद करायचे ते आता तुम्ही सांगा."

"मी कशाला? ह्यांनी सांगून ठेवलंनी, दिव्यांचं भाऊजींनाच विचार म्हणून."

"मला? अहो, काजवे घालवले मी!"

"तेच म्हणाले हो. 'त्याने एकदा चूक केलीन, आता जन्मात करायचा नाही.'"

डोळे भरून आले आणि छातीवरचा धोंडा उतरला. मी बोर्डापाशी गेलो आणि एकेक बटण बंद केलं, कुणाला न विचारता.