गेणबाची सरकीची पेंड

कारेगावच्या अलीकडे ओढ्याकाठी गेणबा कोळपे राहतो. माणूस तसा मायाळू, पण हट्टी म्हणजे किती हट्टी! अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं. पाठीवरनं नुसता हात फिरवून मेंढराचं वजन सांगायचा. जनावराच्या पोटातलं आपल्याला कळतं, ही त्याची घमेंड. आणि खोटं कशाला बोला, मेंढराच्या बाबतीत ती खरीच होती.

कळप मोडला, घरची चार मेंढरं तेवढी उरली. मग त्याच्या सुनेनं, स्वप्नालीनं, मेंढरांच्या वाड्याच्या जागी ब्रॉयलर कोंबड्यांची शेड घातली. पोरगी हुशार. प्रशिक्षण घेऊन आली आणि खाद्य घरीच कालवायला लागली. मका इतका, सोयाबीनची पेंड इतकी, सगळं कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. पहिल्या दोन बॅचा वजनाला अशा भरल्या की दौंडचा व्यापारी म्हणाला, "वहिनी, खाद्य कुठलं घालता ओ?" तेव्हा काय फुलली होती ती! तिचा नवरा हनुमंत रांजणगावला कंपनीत कामाला. त्याला ह्या उद्योगाचा भरवसा नव्हता. एक बॅच जरी तोट्यात गेली तरी शेड बंद, असं त्यानं बजावून ठेवलं होतं.

तिसऱ्या बॅचला पंधरा दिवस झाले आणि दौंडला स्वप्नालीच्या आईचं ऑपरेशन निघालं. जाताना ती सासऱ्याला म्हणाली, "मामा, कागदावर हाय तेवढंच घाला. बारा दिवसाचा तर प्रश्न हाय."

तीन दिवस गेणबानं कागद पाळला. चौथ्या दिवशी त्याला राहवेना. मेंढरांसाठी आणलेली सरकीची पेंड कोपऱ्यात होतीच. अर्धी सोया पेंड काढून त्यानं तिच्या जागी सरकीची घातली.

"सुनंला फोन करून इचारा तरी," त्याची बायको गिताबाई म्हणाली.

"आता तिनं मला जनावर शिकवायचं व्हय? सरकीवर मेंढरू महिन्यात तुकतुकीत हुतंय. कोंबडीनं काय घोडं मारलंय?"

इथंच गडी फसला. मेंढरू रवंथ करतं. त्याच्या पोटात पेंड मुरते, तिथले जंतू ती फोडतात, मग अंगी लागते. कोंबडीला कुठलं आलंय रवंथ? प्रोटीन पोत्यावर कितीही लिहिलेलं असो, तिच्या आतड्यात पचेल तेवढंच तिचं. सोयाचं बरंचसं पचतं. सरकीचं त्या मानानं कमीच, आणि टरफलं तर जशीच्या तशी. कोंबड्या पोट फुगेस्तोवर खात होत्या आणि वाढत मात्र नव्हत्या. खाली अंथरलेलं तूस ओलं झालं, शेडमध्ये नाकात झोंबणारा वास भरला. शेवटी गेणबाही घाबरला. उरलेलं खाद्य त्यानं गुपचूप मेंढरांपुढं ओतलं.

तेराव्या दिवशी स्वप्नाली आली. एक कोंबडी उचलून तिनं छातीचं हाड चाचपलं, त्यावर मांसच धरलं नव्हतं. तिचा चेहराच उतरला.

"मामा, खाद्यात काय बदल केला व्हता का?"

हनुमंत दारातच उभा होता. पोरासमोर मान खाली घालायचं गेणबाच्या जिवावर आलं.

"न्हाई बा. तू लिवलं तेच घातलं."

"बघ!" हनुमंत कडाडला. "म्हणं प्रशिक्षण! बास झाले ह्ये धंदे."

महिनाभर ती पोरगी रोज कागद घेऊन बसायची, पुन्हा पुन्हा हिशोब जुळवायची. ते बघून गेणबाला अन्न गोड लागेना, पण तोंड काही उघडेना. मग शेडला कुलूप लागलं आणि स्वप्नाली कंपनीत पॅकिंगला जायला लागली.

अशी दोन वर्षं गेली. परवा सकाळी ती फाट्यावर कंपनीच्या बसची वाट बघत असताना गेणबा मागोमाग गेला. हात जोडायचेच तेवढे राहिले होते.

"पोरी, तवा... मी सरकी घातली व्हती. तुझं काय बी चुकलं नव्हतं."

स्वप्नालीनं डबा ह्या हातातनं त्या हातात घेतला.

"मला ठावं हाय, मामा. मी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक कोंबडी मेली, ती फाडून बघितली व्हती. आत सरकीची टरफलं निघाली."

"मग बोलली का न्हाईस गं? आन् त्यो कागद घेऊन बसायचीस त्यो?"

"तुमच्यासमोर बसायची. म्हणलं, आज तरी मामा ह्यांना सांगतील. मी सांगून ह्यांनी ऐकलं नसतं, मामा. तुमचं ऐकलं असतं."

"आज सांगतो. आत्ताच फोन लावतो."

"नगा लावू," ती म्हणाली. "आता मलाच नगं ती शेड."

बस आली. ती चढली, खिडकीशी बसली आणि शेजारणीशी बोलायला लागली.