उजव्या हाताचं घर

कामथडीत शाहिस्ताच्या घराला लोक ‘उजव्या हाताचं घर’ म्हणायचे. तिच्या माघारी म्हणायचे, पण ते तिच्या कानावर आलंच. वरव्याजवळच्या एका लहानशा कंपनीत प्रेस मशीनवर तिचा उजवा हात मनगटापासून गेला, कामगार विम्याची जन्मभराची पेन्शन सुरू झाली, आणि त्या पेन्शनीतून हप्ते फेडत दोन खोल्यांच्या चार झाल्या. घर मात्र दोघांच्या नावावर होतं. तिच्या आणि नवऱ्याच्या, झुल्फिकारच्या.

झुल्फिकार वाईट माणूस आहे असं तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. तिची अडचणच ती होती. अपघात झाला तेव्हा तो पुण्याला भाजीचा टेम्पो नेत असे. त्यानं टेम्पो सोडला. तिला आंघोळ घातली, तिची वेणी घातली, घास करून भरवलं. नात्यातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचा दाखला देत, आणि तो बाजूला बसून ऐकत असे. चेहरा उजळलेला.

बिनसलं ते शाहिस्ताचा डावा हात कामाला लागल्यावर. ती परात पायात धरून कणीक मळू लागली की तो यायचा आणि परात ओढून घ्यायचा. “राहू दे. मी हाय ना.” तिनं एकटीनं कपडे वाळत घातले, तर तो ते काढून पुन्हा घालायचा. मग ती घरात टिकेनाशी झाली. मीठ संपलं, मिरच्या संपल्या, असं काहीतरी काढून बाहेर पडायची, हायवेपर्यंत चालत जायची, काही न घेताच परत यायची.

एका रविवारी झुल्फिकारचे थोरले भाऊ मार्गासनीहून जेवायला आले. शाहिस्तानं भाताचं ताट उचलून त्यांच्यापुढं धरलं. झुल्फिकारनं ते मधेच पकडलं.

“डाव्या हातानं वाढत्यात व्हय पाहुण्यांना?”

“दुसरा कुठला हाय मला?” ती म्हणाली.

ताट दोघांच्या हातातून सुटलं. भाऊ मान खाली घालून भात गोळा करू लागले. शाहिस्ता तशीच चपला घालून निघाली आणि एसटीनं भोरला आईकडं गेली. तिथं तिनं सांगून टाकलं, मला खुला पाहिजे, मीच तलाक मागते.

आई, बद्रुन्निसा, कपाळ धरून बसली. “अगं, असा नवरा कुणाला मिळतोय? मेहेरचे पैसे जातील, लोक थुंकतील.”

“जाऊ दे मेहेर.”

झुल्फिकारनं निरोप पाठवला तो असा: खुला देतो. पण घर निम्मं माझं आणि पेन्शनही निम्मी. इतकी वर्षं तिचा हात मीच होतो.

भोरला मैथिली नावाच्या वकीलबाई होत्या, त्यांच्याकडं दोघं समोरासमोर बसले. बाईंनी शांतपणे सांगितलं, घराची वाटणी तुम्ही ठरवाल तशी करता येईल. विम्याची पेन्शन मात्र कुणाला तोडून देता येत नाही. शाहिस्तानं लिहून दिलं तरी ते कायद्यात बसणार नाही.

झुल्फिकार उभाच राहिला. “म्हंजे माझी वर्षं कायद्याला दिसत न्हाईत?”

तो निघून गेला. शाहिस्ता जिंकली होती, पण आईकडं न जाता ती नसरापूरच्या एसटीत चढली, आणि तिथं तिला एका जागी बसवेना. खिडकीपाशी बसली, उठली, मागं गेली, पुन्हा पुढं आली. कंडक्टर म्हणाला, “मावशी, काय हरवलंय का?” झुल्फिकारचं चुकलं कुठं, हेच ती शोधत होती. टेम्पो त्यानं सोडला होता. लायसनची मुदत कधीच संपली होती. आता चाळिशीत त्यानं जायचं कुठं?

ती नसरापूरला उतरली आणि कामथडीला गेली. झुल्फिकार ओट्यावर होता.

“पेन्शन देता येत न्हाई,” ती उभ्या उभ्याच म्हणाली. “पण तुमचं निम्मं घर तर हायच, त्याच्या वर माझ्यातला आणखी हिस्सा घ्या. तुमच्या कामाचा.”

“कसल्या कामाचा?”

“मला सांभाळलंत त्याचा. बाई ठेवली असती तर पगार दिलाच असता.”

त्याचं तोंड पांढरं पडलं. “मी काय तुझा गडी व्हतो?”

“मग निम्मी पेन्शन कशाची मागत व्हता?”

रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ झुल्फिकारनं ओट्यावरून हातानं झाडली. मग हळूच म्हणाला, “मी करायचो ते तुला कधीच बरं वाटलं न्हाई?”

“पहिल्या वर्षी वाटलं. तवा तुमी नसता तर मी जगले नसते. पण नंतर तुमी मला बरं होऊ दिलं न्हाईत.”

“माझं निम्मं तेवढं दे,” तो म्हणाला. “वरचं नको.”

तसंच झालं. खुला झाला. शाहिस्तानं पुन्हा कर्ज काढून त्याचा निम्मा हिस्सा फेडला आणि घर एकटीच्या नावावर करून घेतलं. झुल्फिकार मार्गासनीला भावाकडं गेला. लायसन नव्यानं काढून तो वेल्ह्याकडच्या रस्त्यावर दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. कुणी शाहिस्ताचं नाव काढलं तर म्हणतो, “बाई जिद्दीची हाय,” आणि विषय बदलतो.

तिनं एक खोली कंपनीत कामाला जाणाऱ्या अम्रीन नावाच्या मुलीला भाड्यानं दिली. हप्ता पेन्शनीतून जातो. आता परात कुणी ओढून घेत नाही. तरी दुपारी बघावं तर शाहिस्ता कपाट इकडून तिकडं सरकवत असते, खांदा लावून, पायानं रेटत. अम्रीन विचारते, “आपा, कालच तर हलवलंत.”

“हितं उजेड अडतोय,” ती म्हणते, आणि पलंगाकडं वळते.