शेरू दारच का कुरतडतो?

मंडळी, आज कामावरून आले तर नव्या घराच्या दाराची चौकट खालून पार कुरतडलेली. आमच्या कुत्र्याच्या, शेरूच्या हिरड्यांतून रक्त येत होतं.

नवरा वैतागला. "बस झालं. याला गावी पाठवू."

आवाज ऐकून शेजारच्या काकू आल्या. "अगं, तुम्ही गेलात की तो रडतो. रडून थकला की दार चावत बसतो."

मग लक्षात आलं, सोफा, चपला सगळं शाबूत आहे. फक्त दार! आधी राहायचो त्या नायगावच्या चाळीत दार दिवसभर उघडं, अख्खी गॅलरी त्याची. इथे टॉवरमध्ये तो एकटाच कोंडलेला.

प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. "मारू नका, तो घाबरलाय. आधी मिनिटभरच बाहेर जा, परत या. हळूहळू वेळ वाढवा."

तेच केलं. लिफ्टपाशी कान देऊन उभी राहिले. आधी नखांचा आवाज आला. शेवटच्या खेपेला नुसतं कुंईकुंई, दात लावले नाहीत.

नवराच म्हणाला, "गावाचं राहू दे. उद्या मी सुट्टी टाकतो."

उद्याचं निभेल. पण परवा? तुमच्यापैकी कोणाचा कुत्रा असा एकटा राहायला शिकलाय का? प्लीज सांगा, जीव थाऱ्यावर नाहीये.