कर्ण्याची जोडणी

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि नव्या कचेरीत बदली होऊन मी तिथं आलो होतो. त्या दुष्काळी उन्हाळ्यात, घरी गाणी ऐकायची हौस म्हणून मी वॉल्व्हचा एक जुना, लहानसा ॲम्प्लिफायर घेतला. त्याला कर्णा जोडायला चाकूरचा मेकॅनिक सायकलवर आला. वॉल्व्ह तापेपर्यंत, लेकराचा ताप बघावा तसा तो त्यावर तळहात धरून बसला.

"एवढ्याशा यंत्रावर एवढा कर्णा वाजेल?" मी विचारलं.

"वाजतंय की. माईक आत न्या अन् बोला." तो अंगणात कर्ण्यापाशी उभा राहिला.

मी माईक घेऊन स्वयंपाकघरात गेलो. बायको म्हणाली, "त्यांनी पाणी मागितलंय."

रांजण अर्धा भरलेला होता. हातातल्या माईकचं भान न राहून मी हळूच म्हणालो, "टँकर परवा येणार. संपलं म्हणून सांग."

अंगणातून माझेच शब्द स्वच्छ ऐकू आले.

तांब्या भरून मी बाहेर धावलो. तो पिशवीत पाने-पक्कड भरत होता. वर न बघता म्हणाला, "जोडणी बरोबर बसली, साहेब. हळू बोललेलं बी साफ ऐकू येतंय."

पाणी न पिताच तो सायकलवर बसला. मागून हाक मारावी म्हटलं, तर त्याचं नाव मी विचारलेलंच नव्हतं.