सुलूमावशींची हिरवी खिडकी

सुलूमावशी कुणाकडेही गेल्या की निघताना त्यांच्या पर्समध्ये ओल्या टिश्यूत गुंडाळलेली एखादी फांदी असायचीच. इकडे परदेशात, एडिसन गावात त्या माझ्या शेजारी. डेंटिस्टच्या वेटिंग रूममधलं मनी प्लांटसुद्धा त्यांच्या नखांतून सुटलं नव्हतं. "विचारून घेतलेलं रोप रुसतं गं. गुपचूप आणलं की बघ कसं तरारतं!" असं त्या हसत सांगायच्या. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी खरंच हिरवीगार होती. मला त्या ओल्या टिश्यूंची शिसारी यायची, तरी त्यांच्या हातची साबुदाण्याची खिचडी मी मिटक्या मारत खायचे.

एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं मिळून हवाईला गेलो. तिथल्या राखीव जंगलात शिरण्याआधी बुटांचे तळवे ब्रशने घासावे लागतात, बाहेरचा रोग आत जाऊ नये म्हणून. "देवळातसुद्धा एवढं सोवळं नसतं!" मावशी करवादल्या. आत गाइड मुलीने एक बुटका पाम दाखवला. त्या जातीची झाडं जवळजवळ संपलीच आहेत. बिया उंदीर खातात, म्हणून त्या वर्षी धरलेल्या एकुलत्या एक फळाला तिने जाळीची पिशवी बांधली होती. फळ झाडावरच पिकलं, तरच बी रुजतं, असं ती सांगत होती.

परतताना पाहिलं, तर पिशवी उघडी आणि फळ गायब. मुलगी गुडघ्यांवर बसून पाचोळा चाळत राहिली. "गाठ मीच सैल बांधली असेल," एवढंच तिला कसंबसं बोलता आलं. मावशींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "डोन्ट क्राय, बेटा. रॅट्स व्हेरी बॅड." मला तेव्हा मावशींचं कौतुक वाटलं होतं.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. भेटायला गेले, तर आलेल्या बायका निघता निघता खिडकीतली एकेक फांदी खुडत होत्या. कोपऱ्यातली एक कुंडी तेवढी रिकामी होती.

"ती हवाईची," त्यांची मुलगी रश्मी म्हणाली. "इट नेव्हर केम अप. पण आई रोज पाणी घालायची. म्हणायची, पाम आहे, टाइम घेतो."

मी बोटाने माती उकरली. कुजून लिबलिबीत झालेलं बी बोटाला चिकटलं. त्या गाइड मुलीच्या पाठीवरून फिरणारा हात आठवला. त्याच हातची खिचडी आठवली. मी साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले, आणि मावशींच्या फोटोला नमस्कार न करताच बाहेर पडले.

घरी येऊन त्या जंगलाच्या ऑफिसला फोन लावला. ती मुलगी अजून तिथेच कामाला होती.

"गाठ तू नीटच बांधली होतीस," मी तिला सांगितलं.